हमी नाकारल्याबद्दल आभार

शिदूनानांनी खिशातून फोन काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, काउंटरवर ठेवला आणि पलीकडच्या मॅडमना म्हणाले, "चालवून बघा."

मॅडमच्या शर्टावर 'श्रीलता' अशी पट्टी होती. त्यांनी फोनला हात लावला नाही. "काय प्रॉब्लेम आहे, काका?"

"खोड आम्ही सांगायची नसती. घेणाऱ्यानं हुडकायची असती."

"आम्ही कुठं घेतोय? तुम्ही घेतलाय."

"आता परत द्यायला आलोय म्हणल्यावर घेणारं तुम्हीच की!"

नाना म्हणजे माझे चुलते. सांगोल्याच्या बैलबाजारातले हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल. जगातल्या कुठल्याही वस्तूकडं ते आधी दात मोजायच्या नजरेनं बघायचे. सोलापूरच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी एसीकडं बघून "ह्यो जुना हाय, रंग दिलाय" असं मला सांगितलं होतं.

मी मध्ये पडलो. "मॅडम, चार्जिंग होत नाही. केबल बदलून बघितली, चार्जर बदलून बघितला, नानांनी अंगारा लावून बघितला."

"अंगारा कुठं लावला?"

"पाठीमागं."

"मग ठीक आहे," मॅडम म्हणाल्या आणि कॉम्प्युटरवर काहीतरी टाईप केलं. अंगाऱ्याची नोंद झाली का नाही, मला दिसलं नाही.

त्या दिवशी त्या काउंटरवर एक खिलार बैल पणाला लागला होता. मॅडमना ते माहीत नव्हतं. कंपनीला तर नव्हतंच.

झालं होतं असं. फोन सुभद्राकाकीचा. नानांनीच तो सांगोल्यातून घेऊन दिला. दुकानदार म्हणाला, वर्षभराची वॉरंटी आहे. नानांनी विचारलं, जामीन कोण? दुकानदार म्हणाला, कंपनी. कंपनी कुठं राहते? दुकानदारानं दिल्लीच्या बाजूला हात केला. ती बाजू मिरजेची होती, पण नानांना एवढं कळलं की कंपनी बाजाराला येत नाही. आणि जो बाजाराला येत नाही तो जामीन कसला? तेव्हा दुकानातच, माझ्यासमोर, नाना काकीला म्हणाले, "कंपनीचा जामीन मी. वरसाच्या आत कंपनीनं हात वर केलं, तर माझ्या दावणीचं जनावर तुझं. कुठलं घ्यायचं ते तू निवड."

हा बैलबाजारातला नानांचा कायदा. बाकीचे हेडी तो किती पाळायचे ठाऊक नाही, नाना पाळायचे. त्यापायी त्यांनी एकदा एका म्हातारीला चांगली दुभती म्हैस देऊन टाकली होती आणि घरी येऊन कोरा चहा पिला होता.

काकी तेव्हा फक्त "बरं" म्हणाली होती.

आता दावणीला त्या वेळी जनावरं होती पाच. चार येणारी-जाणारी. हेड्याच्या दारातलं जनावर म्हणजे स्टँडवरचा प्रवासी, गाडी लागली की निघाला. पण पाचवा खिलार खोंड होता, पांढराशुभ्र, शिंगं अशी की देवळाच्या कमानीला लावावीत. तो दोन दाती असताना आला होता आणि आता सगळे दात येऊन जुळत आला तरी तिथंच होता. गिऱ्हाईक आलं की नाना म्हणायचे, आज अमावस्या आहे. अमावस्या नसली की म्हणायचे, भाव पडलाय. भाव चढला की म्हणायचे, अजून चढू दे. शेवटी जतचे बसगोंडा पाव्हणे भर बाजारात आडवे आले. त्यांना टाळायला नानांनी रुमालाखाली बोटं दाबून असला काही भाव सांगितला की त्यात अर्धा ट्रॅक्टर आला असता. बसगोंडांनी मान हलवली. झाला सौदा. दिवाळी झाली की बैल जतला जाणार. चार लोकांत दिलेला शब्द, माघार नाही.

त्या दिवशी काकी जेवली नाही. उपास आहे म्हणाली. वार बुधवार होता.

आणि आता फोन बिघडला होता. कंपनीनं हात वर केले तर काकी कुठलं जनावर निवडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. सोलापूरला निघताना तिनं दारातच सांगितलं होतं, "जमलं तर बघा. न्हाई जमलं तर मला ठाव हाय काय निवडायचं ते." म्हणजे बैल काकीचा, बसगोंडांना दिलेला शब्द वाऱ्यावर, आणि नानांची बाजारात शोभा. मी एसटीत बसल्यापासून मनात म्हणत होतो, कंपनीबाई, तेवढी लाज राख.

"वॉरंटीत आहे ना?" मी मॅडमना विचारलं.

"आहे की. थांबा, चालू करून बघते." फोनमध्ये शेवटची धुगधुगी शिल्लक होती. मॅडमनी बटण दाबलं. कंपनीच्या नावाच्या आधी पडद्यावर नारिंगी अक्षरांत एक सूचना आली. मॅडमचा चेहरा डॉक्टरांसारखा झाला.

"याचं सॉफ्टवेअर कोणी बदललंय?"

नानांनी माझ्याकडं बघितलं. मी नानांकडं बघितलं. मग आम्ही दोघांनी मिळून दाराजवळच्या वॉचमनकडं बघितलं.

"आमच्या मालकिणीनं," नाना म्हणाले.

खरं होतं. काकी आठवी शिकलेली, पण तिला त्या फोनचा राग यायचा. त्यात कंपनीनं आधीच घालून दिलेली ॲप होती. रम्मीचं, भविष्याचं, कर्जाचं. काढायला गेलं तर निघत नव्हती. "माझ्या घरात मला न विचारता आलेली माणसं हायती, आन जा म्हणलं तर जाईनात," असं म्हणून तिनं कुठलेतरी व्हिडीओ बघितले, माझा लॅपटॉप मागितला, मला केबल धरून बसवलं आणि फोनचं मूळ कुलूप तोडून कंपनीचं सगळं सॉफ्टवेअर पुसलं. त्या जागी जगभरच्या पोरांनी मिळून फुकट बनवलेलं दुसरं घातलं. रम्मी गेली, भविष्य गेलं. फोन वासरासारखा पळायला लागला. पुढच्या आठवड्यात चार्जिंग बंद.

"मग काका, वॉरंटी संपली," मॅडम म्हणाल्या. "मूळ सॉफ्टवेअर बदललं की संपते. आमच्या कंपनीचा नियम आहे."

नानांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली. बाजारात नाना टोपी काढायचे तेव्हा आजूबाजूचे लोक चहाचे कप घेऊन गोळा व्हायचे. इथं कोणी गोळा झालं नाही, एक पोरगी स्क्रीनगार्ड लावून घेत होती तेवढी वळली.

"बाई, मला एक सांगा. मी तुम्हाला बैल विकला. तुम्ही त्याला तुमची बोली शिकवली. मी 'हाऽ हाऽ' म्हणायचो, तुम्ही 'चला सर' म्हणाय लागला."

"मी बैलाला चला सर का म्हणीन?"

"समजा म्हणला. आन उद्या बैलाचा खूर उलला. तर बोलीचा आन खुराचा काय संबंध?"

"पण काका, चार्जिंगला किती करंट घ्यायचा ते सॉफ्टवेअरच ठरवतं ना. तुम्ही घातलेल्या सॉफ्टवेअरनं जास्त करंट ओढला आणि भोक जळलं, तर ती चूक आमची कशी?"

"जळलंय का?"

"ते उघडल्यावर कळेल."

"मग उघडा."

"उघडायला आत पाठवते. पण वॉरंटीत नाही हं, फक्त तपासायला." मॅडमनी हाक मारली, "मुदस्सरभाई!" आतून एक दाढीवाले गृहस्थ आले, फोन घेऊन गेले.

नाना गप्प बसणारे नव्हते. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, काउंटरवर पसरला, त्याखाली स्वतःचा उजवा हात सरकवला आणि मॅडमना म्हणाले, "घाला."

"काय घालू?"

"हात. लोकांसमोर बोलायचं नसंल तर बोटांनी सांगा. कुठपतूर येताय ते बघू."

मॅडमनी खुर्ची मागं घेतली. "काका, वॉरंटीत कुठपर्यंत येणं नसतं. असते किंवा नसते."

"सुरुवातीला समदेच असं म्हणत्यात."

एवढ्यात दाराजवळचा वॉचमन स्टूल सोडून आला. मला वाटलं आता आम्हाला बाहेर काढतो. पण तो म्हातारा मंगळवेढ्याकडचा निघाला. त्यानं शांतपणे बाही वर केली आणि टॉवेलाखाली हात घातला. दोघांचे डोळे छताकडं. टॉवेल हलत होता. वॉचमननं मान नकारार्थी हलवली, नानांनी पुन्हा बोटं दाबली, वॉचमन किंचित हसला, नानांनी त्याच्या मनगटावर थाप मारली. सौदा ठरला. कशाचा ठरला ते दोघांनाही माहीत नव्हतं. वॉचमन समाधानानं स्टुलावर जाऊन बसला. मला वाटतं त्याला बऱ्याच दिवसांत एवढं बरं वाटलं नसावं.

"झालं?" मॅडमनी विचारलं. त्यांना हसू येत होतं आणि ते त्या वॉरंटीच्या नियमासारखं घट्ट धरून बसल्या होत्या. "आता मी एक विचारू? तुमच्याच बाजारातलं?"

"इचारा की."

"एक माणूस तुमच्याकडनं बैल घेऊन गेला. घरी नेऊन त्यानं तुम्हाला न विचारता त्याची शिंगं तासली, जुनी वेसण काढून नवी घातली, बोली बदलली. आणि महिन्यानं बैल लंगडतो म्हणून तुमच्या दारात आणला. तुम्ही परत घेता?"

मी मनात नानांची पुढची वाक्यं जुळवायला लागलो. नाना सहज म्हणू शकले असते, लंगडायचं कारण बघून ठरवू. म्हणू शकले असते, शिंगं वेगळी, पाय वेगळा. या माणसानं एकदा एका आंधळ्या रेड्याला 'शांत स्वभावाचा' म्हणून विकलं नव्हतं, पण तसं विकणाऱ्याची बाजू पंचांसमोर सकाळपासून दुपारपर्यंत लढवली होती, केवळ सराव म्हणून. मॅडमच्या प्रश्नातून सुटायला नानांना तंबाखू मळण्याएवढाही वेळ लागला नसता.

नानांनी पंख्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग म्हणाले, "न्हाई घेत."

"नाना!" मी म्हणालो.

"न्हाई म्हंजे न्हाई. विचारल्याबिगर हात लावला की हमी संपली. बाई बरोबर बोलल्या." त्यांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली. "हरलो आपण."

मॅडमच गडबडल्या. त्यांनी बहुतेक पुढचे दोन-तीन प्रश्न तयार ठेवले होते. "काका, तसं वाईट वाटून घेऊ नका. कधीकधी आम्ही मूळ सॉफ्टवेअर परत घालून वर कंपनीला विचारून…"

"नको, नको! नियम म्हंजे नियम."

तेवढ्यात मुदस्सरभाई बाहेर आले. एका हातात फोन, दुसऱ्या हातात टिकलीएवढा कागद आणि त्यावर पिवळसर चुरा. "मॅडम, काही बिघाडच नाही. चार्जिंगच्या भोकात कचरा होता. सुईनं काढला. होतंय चार्जिंग. पैसे काय घ्यायचे याचे?"

नानांनी कागदावरचा चुरा बोटावर घेतला, वास घेतला, जिभेवर ठेवला. "सरकी पेंड," ते म्हणाले.

"आत गच्च बसली होती," मुदस्सरभाई म्हणाले. "काडीनं दाबून भरावी तशी."

मी उडीच मारायची बाकी ठेवली. फोन चालू! म्हणजे वॉरंटीचा प्रश्नच नाही! हमी लागलीच नाही तर नाकारली कुठून? बैल वाचला, शब्द वाचला, नाना वाचले! "नाना, चला! सुटलो! आपण हरलोच नाही!"

नानांनी माझ्याकडं बघितलं ते बाजारात गिऱ्हाइकासमोर बैलाचं खरं वय सांगणाऱ्या पोराकडं बघावं तसं.

"गप रं उम्या. कंपनीनं हमी नाकारली का न्हाई?"

"नाकारली, पण ती लागलीच नाही ना!"

"लागली-न लागली ह्यो मुद्दा न्हाई. हात वर केलं का न्हाई? बाई, तुम्ही हात वर केलं ना?"

"म्हणजे… वॉरंटी नाही असं म्हणाले मी. पण काका, फोन चालू झालाय."

"त्ये ऱ्हाऊ द्या. नाकारली ना?"

"हो."

"पक्की?"

"काका, फोन घरी घेऊन जा ना…"

"पक्की का?"

"पक्की," मॅडम म्हणाल्या. असलं गिऱ्हाईक त्यांना प्रशिक्षणात दाखवलं नसावं.

"मग एवढं आमच्या मालकिणीला तुमच्या तोंडानं सांगा. उम्या, लाव फोन. नायतर माझ्यावर इस्वास ठेवायची न्हाई ती."

मी माझ्या फोनवरून शेजारच्यांकडं लावला, शेजारणीनं काकीला बोलावलं. मी स्पीकर चालू केला. श्रीलता मॅडम फोनकडं वाकून, शाळेत प्रतिज्ञा म्हणावी तसं म्हणाल्या, "नमस्कार. तुमच्या फोनचं सॉफ्टवेअर बदललेलं असल्यामुळं कंपनी वॉरंटी देऊ शकत नाही. पण फोन चालू—"

"बास, बास," नाना म्हणाले.

पलीकडून काकीचा आवाज आला, अगदी थंड. "नक्की न्हाई म्हणत्यात नव्हं?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

"बाई, लय उपकार झालं तुमचं," काकी म्हणाली. "आन त्येंना म्हणावं, येताना सरकीचं पोतं आणा. माझ्या बैलाला."

फोन बंद झाला. श्रीलता मॅडमनी फोन माझ्याकडं सरकवला. "मी आजवर शेकडो लोकांना नाही म्हटलंय," त्या म्हणाल्या, "उपकार कोणी मानले नव्हते." नानांनी बाहेर जाऊन समोरच्या दुकानातून पेढे आणले आणि मॅडमना, मुदस्सरभाईंना, स्क्रीनगार्डवाल्या पोरीला एकेक दिला. वॉचमनला दोन. ठरलं होतं बहुतेक तसं.

परतीच्या एसटीत सरकीचं पोतं आमच्या पायाशी होतं आणि नाना खिडकीतून बाहेर बघत शीळ घालत होते. माझ्या आयुष्यात मी त्यांना शीळ घालताना तेवढंच ऐकलं. शीळही बैलांना पाणी पाजताना घालतात तीच.

"नाना, बैल गेला," मी म्हणालो.

"गेला," नाना म्हणाले.

"बसगोंडांना काय सांगणार? त्यांना शब्द दिलाय."

"मालकिणीला दिलेला शब्द आधीचा हाय. तुझ्यासमोरचा. बाजारात आधीच्या शब्दाला मान असतो. बसगोंडा काय बोलणार? त्योबी हेडीच हाय." आणि पुन्हा शीळ.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. डिप्लोमाचे विषय राहिले होते, डोक्यात फक्त करंट आणि व्होल्टेज. मला वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसलाय, त्यात असं होत असेल.

आता बरीच वर्षं झाली. मी पुण्याला फोनच्याच कंपनीत नोकरी करतो आणि लोकांना हमी नाकारतो. कोणी सरकीचं पोतं मागत नाही. पण काकीच्या फोनचं कुलूप तोडलं त्या दुपारचं एक मला नंतर कधीतरी, दात घासताना आठवलं. लॅपटॉपवर इंग्रजीत सूचना आली होती आणि काकीनं ती मला मराठीत सांगायला लावली होती. मी सांगितलं, "काकी, हे केलं की कंपनीची हमी संपते म्हणतंय."

"परत सांग," काकी म्हणाली.

मी परत सांगितलं.

"नक्की संपती का? का नुसतं भ्या दाखवत्यात?"

"नक्की संपते."

"मग दाब," काकी म्हणाली. बसगोंडांशी सौदा होऊन तेव्हा तिसरा दिवस होता, आणि गोठ्यातून आलेल्या काकीच्या हाताला सरकी पेंडीचा वास येत होता. मला तेव्हा वाटलं, रम्मीचा फारच राग दिसतोय.

तर त्या वर्षीची दिवाळी झाली. बसगोंडा पाव्हणे ठरल्याप्रमाणं आले. गडी, कासरा, गळ्यात बांधायला नवी घुंगुरमाळ, सगळं घेऊन. नानांनी त्यांना घोंगड्यावर बसवलं, चहा दिला आणि मान खाली घालून सगळी हकिगत सांगितली. फोन, कंपनी, जामीन, नारिंगी अक्षरं. बसगोंडांनी मध्ये एकदाच विचारलं, "सॉफ्टवेअर म्हंजे काय?" नाना म्हणाले, "त्यो लांबचा विषय हाय."

"म्हंजे बैल तुझा न्हाई?"

"न्हाई पाव्हणं. माझ्या हातात काय ऱ्हायलं न्हाई. मालकिणीला इचारा."

बसगोंडा गोठ्याकडं वळले. काकी बैलाच्या पुढ्यात वैरण टाकत होती. "वैनी, देताय का? शिदूनं सांगितल्यापेक्षा वरचढ देतो."

"न्हाई द्यायचा," काकी म्हणाली.

"कधी?"

"कधीच."

बसगोंडा पाव्हण्यांनी काकीकडं बघितलं, मग नानांकडं. जुने हेडी होते ते. माणसाच्या तोंडातले दात न मोजता वय सांगायचे. त्यांनी घुंगुरमाळ गड्याच्या हातातून घेतली, पुढं होऊन स्वतः बैलाच्या गळ्यात बांधली आणि म्हणाले, "शिदू, तू आजपतूर कुणाला हरल्याला मी बघितला न्हाईस."

"ह्या बारीला हरलो लेका," नाना म्हणाले. "साफ हरलो."

पाव्हणे गेले. नाना अंगणात उभे राहिले, मग रमतगमत गोठ्यात आले, जणू दुसऱ्याच कामाला आले होते. बैलानं मान त्यांच्याकडं वळवली, घुंगरं वाजली. नानांनी वशिंडावर ठेवायला हात उचलला.

"आवं," काकी वैरण टाकता टाकता म्हणाली, "माझा बैल हाय त्यो. इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई."

नानांचा हात हवेतच राहिला.

"लावू का?" नानांनी विचारलं.

"लावा," काकी म्हणाली.